बेस गिटारसाठी ॲम्प्लिफायर : वॅट पाहावेत की जागा?

आपल्या धर्मग्रामांतील गायकवृंदांचे रूप गेल्या काही दशकांत पुष्कळ बदलले आहे. हार्मोनियम, ऑर्गन आणि व्हायोलिन ह्यांच्या जोडीला आता कीबोर्ड, गिटार, ड्रम आणि बेस गिटार आली आहे. नाताळपूर्वीची कॅरलगायने, युवक मेळावे, धर्मग्रामाचा सण आणि लग्नसमारंभ अशा प्रसंगी आपलेच तरुण-तरुणी मंचावर उभे राहून वाजवताना दिसतात, ही आनंदाची गोष्ट आहे.

ह्या वाद्यांपैकी बेस गिटारची एक अडचण मात्र वाद्य घरी आल्यावरच ध्यानात येते. साधी गिटार खोलीत बसून वाजवली तरी ऐकू येते, बेस गिटार जवळजवळ मुकी असते. ॲम्प्लिफायरशिवाय तिचा स्वर शेजारी बसलेल्या माणसापर्यंतही नीट पोहोचत नाही. मग दुसऱ्या खर्चाचा विचार सुरू होतो. हा पैसा कधी आईवडिलांच्या पगारातून काढलेला असतो, तर कधी युवक गटाने खाद्यपदार्थांचे स्टॉल लावून किंवा हाऊजी खेळवून गोळा केलेला असतो. तो एकदाच खर्च होणार असतो, आणि चुकीची वस्तू घेतली तर ती सभागृहाच्या कोपऱ्यात धूळ खात पडते. म्हणूनच ह्या विषयाचा थोडा सविस्तर विचार करावा, असे आम्हास वाटते.

आमचे म्हणणे आरंभीच मांडतो. दुकानात गेल्यावर बहुतेकजण पहिला प्रश्न विचारतात, 'किती वॅटचा?' आमच्या मते पहिले प्रश्न दोन आहेत. हा ॲम्प कोणत्या जागेत वाजणार आहे? आणि त्या जागेत आधीपासून कोणती ध्वनियंत्रणा आहे? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढली, तर योग्य ॲम्प आपोआप समोर येतो आणि तो बहुधा आपण मनात धरला होता त्याहून लहान व स्वस्त असतो.

बेसला वेगळा ॲम्प का लागतो?

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, तर तिची सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. नेहमीच्या गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपने सुमारे ८२, म्हणजे दुप्पट असतात. पाच तारांच्या बेसवरील जाड तार तर ३१ कंपनांपर्यंत खाली उतरते. संगीताच्या भाषेत सांगायचे, तर बेस गिटार नेहमीच्या गिटारहून एक सप्तक खाली बोलते.

हे एक सप्तक महाग पडते. तोच स्पीकर तेवढ्याच तीव्रतेने एक सप्तक खालचा स्वर काढू लागला, तर त्याच्या पडद्याला जवळजवळ चौपट अंतर पुढे-मागे जावे लागते. शिवाय मानवी कान खालच्या स्वरांच्या बाबतीत मंद असतो. मधल्या पट्टीतील स्वर जितक्या सहज ऐकू येतो, तितका खर्जातला येत नाही. त्यामुळे बेससाठी अधिक शक्ती, अधिक मजबूत स्पीकर आणि हवेला पुरेशी जागा देणारी पेटी लागते. घरात गिटारचा लहान ॲम्प आहे म्हणून त्यालाच बेस जोडणे अगदी हळू आवाजात चालून जाईल. आवाज वाढवताच स्पीकर फरफरू लागतो आणि काही दिवसांत त्याचा पडदा फाटण्याची भीती असते.

ही अडचण नवी नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात लिओ फेंडर ह्यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बेस' ही विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. तिला साजेसा स्वतंत्र ॲम्प्लिफायर हवा हे उघडच होते, आणि १९५२ साली त्यांनी 'बेसमन' तयार केला. त्यात १५ इंचांचा एक स्पीकर होता आणि त्याची शक्ती अवघी २६ वॅटच्या आसपास होती. पुढे १९६९ साली अँपेग कंपनीने ३०० वॅटचा 'एसव्हीटी' हा महाकाय ॲम्प काढला. त्याच्यासोबत दहा इंची आठ स्पीकर असलेली, माणसाच्या छातीपर्यंत येणारी पेटी असे. तो मोठमोठ्या क्रीडागारांतील कार्यक्रमांसाठी होता. आज अनेक तरुणांच्या मनात 'खरा बेस ॲम्प' म्हणून जे चित्र असते ते ह्या यंत्राचे. आपल्या सभागृहांना त्याची मुळीच गरज नाही.

वॅटचे गणित

५० वॅटचा ॲम्प २५ वॅटच्या दुप्पट मोठ्याने वाजेल, हा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो 'थोडा वाढला' इतकाच जाणवतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. म्हणजे २५ वॅटच्या दुप्पट मोठा आवाज हवा, तर २५० वॅट लागतील.

ह्यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, ४० आणि ५० वॅट ह्यांतील फरकासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. दुसरी, स्पीकर कसा आहे हे वॅटइतकेच महत्त्वाचे आहे. एकच शक्ती दिली असता एखादा स्पीकर दुसऱ्याहून ३ डेसिबल जास्त आवाज काढत असेल, तर तो फरक वॅट दुप्पट करण्याइतकाच मोलाचा असतो. जाहिरातीत हा आकडा क्वचितच ठळकपणे छापलेला असतो. म्हणून दुकानात दोन ॲम्प शेजारी ठेवून, आपलीच गिटार जोडून ऐकणे हाच उत्तम उपाय आहे.

वॅट निरुपयोगी आहेत, असे मात्र नव्हे. शक्ती अपुरी पडली की खालच्या स्वरांची कड मोडते आणि आवाज फाटू लागतो. बेसच्या बाबतीत थोडी शक्ती राखीव असलेली बरी. आवाजाची कळ अर्ध्यावर ठेवून काम भागते असा ॲम्प दीर्घकाळ टिकतो. जो सदैव शेवटच्या खुणेपर्यंत न्यावा लागतो, तो लवकर बिघडतो.

स्पीकर, पेटी आणि ओहम

आपल्या गरजेसाठी 'कॉम्बो' म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला प्रकार योग्य ठरतो. वेगळे 'हेड' आणि वेगळी 'कॅबिनेट' घेणे अधिक खर्चाचे असते आणि ने-आण करण्यासही त्रासाचे.

कॉम्बोतील स्पीकर सामान्यतः ८, १०, १२ किंवा १५ इंचांचा असतो. ८ इंची स्पीकर घरातील सरावापुरता ठीक आहे. १० इंचीवर स्वर स्पष्ट आणि चपळ येतो. १२ इंची स्पीकर स्पष्टता आणि खोली ह्यांचा चांगला मेळ साधतो. १५ इंची स्पीकरचा खर्ज भारदस्त असतो, पण पेटी मोठी होते. केवळ इंचांवर विसंबू नये. लहान आणि पातळ फळीच्या पेटीत बसवलेला १५ इंची स्पीकर चांगल्या पेटीतील १० इंचीपुढे फिका पडू शकतो. पेटीवर हात ठेवून जाड तार वाजवावी. पेटीच खडखडत असेल, तर ती घेऊ नये.

काही कॉम्बोंना बाहेरचा आणखी एक स्पीकर जोडता येतो. तिथे 'ओहम' हा आकडा पाहावा लागतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, तर एकूण भार ४ ओहम होतो. ॲम्पच्या मागे 'कमीत कमी ४ ओहम' असे लिहिले असेल, तर हे चालेल. त्याहून खाली गेल्यास ॲम्प तापून जळू शकतो. बाहेरच्या स्पीकरसाठी स्पीकरचीच जाड केबल वापरावी. गिटारची केबल वरून सारखी दिसली, तरी ती त्या कामाची नाही.

तीन जागा, तीन उत्तरे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपले तरुण साधारणपणे तीन ठिकाणी वाजवतात.

पहिली जागा म्हणजे घर. इमारतीतील खोलीत, परीक्षेला बसलेल्या भावंडांच्या शेजारी सराव करायचा असेल, तर १५ ते ३० वॅट आणि ८ इंची स्पीकर पुरेसा आहे. ह्या वर्गात फेंडरचा 'रंबल २५', ऑरेंजचा 'क्रश बेस २५', लेनीचा १५ वॅटचा 'आरबी १' हे परिचित ॲम्प आहेत. ह्या ॲम्पला हेडफोन जोडण्याची सोय आहे की नाही, हे अवश्य पाहावे. खर्जाचे स्वर भिंतींतून आरपार जातात. दार लावून घेतले तरी शेजाऱ्याला गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, पण बेसचा दणका ऐकू येतो. ज्यांना एवढाही खर्च झेपत नाही, त्यांनी थेट गिटारमध्ये खोचण्याचा व्हॉक्सच्या 'ॲमप्लग'सारखा लहानसा हेडफोन ॲम्प घ्यावा. त्यावर वर्षभर उत्तम सराव करता येतो आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंधही टिकतात.

दुसरी जागा म्हणजे सरावाची खोली किंवा लहान सभागृह. येथे ड्रम आहे की नाही, ह्यावर सारे अवलंबून आहे. ड्रम नसेल, कीबोर्ड, साधी गिटार आणि दहा-पंधरा गायक असतील, तर ४० ते ५० वॅट आणि १० इंची स्पीकर पुरतो. फेंडरचा 'रंबल ४०' किंवा अँपेगचा ५० वॅटचा 'आरबी-११०' हे ह्या वर्गातील नमुने. ड्रम असेल, तर १०० वॅट आणि १२ इंची स्पीकर ही सुरक्षित पायरी आहे. 'रंबल १००' किंवा अँपेगचा 'आरबी-११२' ह्या पायरीवर मोडतात.

तिसरी जागा म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रम. येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. कार्यक्रम मोठा, श्रोते तीनशे, म्हणून ॲम्पही मोठा, असा तर्क केला जातो. वस्तुतः अशा कार्यक्रमात श्रोत्यांपर्यंत आवाज पोहोचवण्याचे काम बेस ॲम्पचे नसून सभागृहाच्या ध्वनियंत्रणेचे असते. वादकाचा ॲम्प केवळ वादकाला आणि त्याच्या साथीदारांना ऐकू येण्यासाठी असतो. त्यासाठी वरील दुसऱ्या पायरीचाच ॲम्प पुरेसा होतो. अट एकच, त्याला 'लाइन आउट' असले पाहिजे.

लाइन आउट : लहान ॲम्पला मोठे करणारी खाच

अनेक ॲम्पच्या मागे तीन टोकांची 'एक्सएलआर' खाच असते. तिच्यातून मायक्रोफोनची साधी केबल ध्वनियंत्रकाच्या मिक्सरकडे नेता येते. मग बेसचा स्वर भाड्याने आणलेल्या मोठ्या स्पीकरांतून, सबवूफरमधून सर्वत्र पोहोचतो. 'रंबल ४०' आणि 'रंबल १००' ह्यांना ही सोय आहे. 'रंबल २५'ला नाही. किमतीतील फरक मुख्यतः येथे वसूल होतो, असे आम्ही म्हणू.

ॲम्पला ही खाच नसेल, तर 'डीआय बॉक्स' नावाची लहान डबी स्वतंत्र मिळते. गिटार आणि ॲम्प ह्यांच्यामध्ये ती जोडली की तेच काम होते. ज्या गटाकडे आधीच एखादा लहान पण चांगला ॲम्प आहे, त्यांनी तो विकून मोठा घेण्यापूर्वी डीआय बॉक्सचा विचार करावा. ह्या डबीवर किंवा खाचेशेजारी 'ग्राउंड लिफ्ट' नावाची कळ असते. मिक्सरला जोडल्यावर सतत 'हूं' असा आवाज येऊ लागला, तर ती कळ दाबून पाहावी. बहुधा तो थांबतो.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. आपल्या अनेक ख्रिस्तमंदिरांत भिंतीवर उंच, अरुंद कॉलम स्पीकर बसवलेले असतात. ते वाचने आणि प्रवचन स्पष्ट ऐकू यावे म्हणून असतात. त्यांतील स्पीकर लहान असतात आणि ४१ कंपनांचा स्वर काढण्याची त्यांची क्षमता नसते. त्यांत बेस सोडली, तर बेस तर ऐकू येतच नाही, उलट गायकांचाही आवाज फाटतो आणि धर्मग्रामाने मोठ्या खर्चाने बसवलेले स्पीकर खराब होतात. मिरवणुकीत वापरल्या जाणाऱ्या कर्ण्यांचीही हीच गत. म्हणून जागेची पाहणी करताना स्पीकर कोणते आहेत, सबवूफर आहे काय, हे आधी विचारावे. केवळ कॉलम स्पीकर असतील, तर बेसचा भार तिच्या स्वतःच्या ॲम्पनेच उचलायचा आहे, हे गृहीत धरावे आणि १०० वॅट, १२ इंची स्पीकर ह्या पायरीवर थांबावे.

उपासनेतील बेस

ख्रिस्तमंदिरातील वादनाचा विचार वेगळा करावा लागतो. व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ सालच्या पवित्र उपासनेवरील दस्तऐवजाने पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले. त्याचबरोबर उपासनेस साजेशी असतील अशी अन्य वाद्येही अधिकृत संमतीने वापरण्यास वाव ठेवला. पुढे १९६७ साली उपासना संगीताविषयी जी सूचनापत्रिका निघाली, तिने आणखी एक व्यावहारिक मर्यादा घातली. वाद्यांनी गायनाला आधार द्यावा, लोकांच्या सहभागाला साहाय्य करावे; वाद्यांचा आवाज गाणाऱ्यांच्या आवाजावर मात करून शब्दच कळेनासे होतील, असे होऊ नये.

ही मर्यादा ॲम्प निवडतानाही उपयोगी पडते. उंच छताच्या, जाड भिंतींच्या जुन्या वास्तूत आवाज बराच वेळ घुमतो. ४१ कंपनांच्या स्वराची लांबी हवेत आठ मीटरहून अधिक असते. असा स्वर भिंतींवर आदळून एकमेकांत मिसळतो, कुठे अतोनात वाढतो, तर कुठे जवळजवळ नाहीसा होतो. अशा ठिकाणी मोठा ॲम्प आणला, तर भाविकांना संगीत नव्हे, केवळ गडगडाट ऐकू येतो आणि मागच्या बाकांवरील माणसे गाणेच थांबवतात.

ह्यावर उपाय पैशाचे नाहीत. ॲम्प कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवला की खर्ज वाढतो. घुमणाऱ्या वास्तूत तो भिंतीपासून दूर ठेवावा. खर्जाची कळ थोडी कमी करून मधल्या स्वरांची कळ किंचित वाढवावी. स्वर स्पष्ट कळतो आणि घुमणे कमी होते. ॲम्प जमिनीवर, वादकाच्या पोटऱ्यांकडे तोंड करून ठेवलेला असतो, म्हणून वादकाला तो नीट ऐकू येत नाही आणि तो आवाज वाढवत जातो. पुढे बसलेल्यांचे मात्र कान किटतात. ॲम्प मागे कलता ठेवावा किंवा स्टुलावर चढवावा. मग वादकाला स्वतःचा स्वर ऐकू येतो आणि आवाज आपोआप खाली येतो. त्यानंतर एकाने शेवटच्या बाकावर जाऊन बसावे आणि गाण्याचे शब्द कळतात की नाही, एवढेच सांगावे.

वजन आणि वाहतूक

दुकानात वजनाकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण विरारच्या लोकलमध्ये किंवा दुचाकीच्या मागच्या आसनावर ॲम्प न्यायची वेळ आली की पहिला प्रश्न तोच ठरतो. पूर्वीचे ॲम्प जड असत, कारण त्यांत लोखंडाचे मोठे ट्रान्सफॉर्मर असत. 'क्लास डी' ह्या तंत्रामुळे आजचे ॲम्प हलके झाले आहेत. 'रंबल ४०' सुमारे ८ किलोचा, तर 'रंबल १००' सुमारे १० किलोचा आहे. जो ॲम्प एका हाताने उचलता येत नाही, तो सरावाला येत नाही, हे अनुभवाचे बोल आहेत.

जुना किंवा परदेशातून आणलेला ॲम्प

चांगल्या कंपनीचा वापरलेला ॲम्प हा बऱ्याचदा स्वस्त नव्याहून उत्तम सौदा असतो. बेस ॲम्प साध्या रचनेचे असतात आणि नीट वापरले तर वर्षानुवर्षे टिकतात. घेताना आपली गिटार आणि केबल सोबत न्यावी. ॲम्प किमान पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा, कारण काही दोष यंत्र तापल्यावरच उघड होतात. प्रत्येक कळ हळूहळू फिरवावी. थोडी खरखर साफसफाईने जाते, पण आवाज मध्येच तुटत असेल तर सावध व्हावे. सर्वांत जाड तार मध्यम आवाजात छेडून स्पीकर फरफरतो का, ते ऐकावे. जळकट वास येत नाही ना आणि फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली नाही ना, हेही पाहावे. मुंबईच्या धोबीतलाव-काळबादेवी परिसरातील वाद्यांच्या जुन्या दुकानांत नवे ॲम्प ऐकून मग वापरलेल्याचा शोध घेतला, तर कानांना तुलनेचे माप मिळते.

आपल्यापैकी अनेकांचे आप्त आखाती देशांत, अमेरिकेत किंवा जहाजांवर नोकरीस असतात. त्यांच्याकरवी ॲम्प मागवण्यापूर्वी व्होल्टेजची खात्री करावी. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची, तर अमेरिकेतील १२० व्होल्टची आहे. मागील पट्टीवर '१०० ते २४०' असे लिहिले असेल किंवा व्होल्टेज बदलण्याची कळ असेल, तर प्रश्न नाही. केवळ '१२० व्होल्ट' असे असेल, तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल. तो न लावता ॲम्प आपल्या प्लगमध्ये खोचला, तर क्षणात निकामी होईल. शिवाय परदेशातून आणलेल्या वस्तूची हमी येथे लागू होईलच असे नाही.

वीज, पाऊस आणि माणसाचा जीव

ॲम्पमधून 'हूं' आवाज येतो म्हणून तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकण्याची वाईट सवय काही ठिकाणी दिसते. ही सवय जीवघेणी आहे. बेसच्या तारा धातूच्या असतात आणि त्या ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. ॲम्पमध्ये दोष निर्माण झाला आणि अर्थिंग नसले, तर वीज थेट वादकाच्या बोटांत येते. वादक गातही असेल आणि त्याचे ओठ मायक्रोफोनला लागले, तर ती त्याच्या शरीरातून वाहते. म्हणून अर्थिंगची पिन कधीही काढू नये. ॲम्प आणि ध्वनियंत्रणा शक्यतो एकाच, चांगले अर्थिंग असलेल्या जोडणीवरून चालवावी. मांडवात कार्यक्रम असेल, तर ॲम्प ओल्या जमिनीवर ठेवू नये. लाकडी पाट किंवा फळी खाली घालावी. जनरेटर असल्यास वीज स्थिर झाल्यावरच ॲम्प चालू करावा.

आपल्या किनारपट्टीवरील दमट, खारी हवा ही ॲम्पची जुनी वैरी आहे. पावसाळ्यात तो महिनोन्‌महिने बंद ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवावा. आतील ओल निघून जाते. वर कापडी आच्छादन घालावे. प्लास्टिकमध्ये गुंडाळल्यास ओल आतच अडकते.

कान आणि कायदा

ध्वनिवर्धकाचा विचार करताना कानांचा विसर पडू नये. कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून ८ तासांपर्यंत सुसह्य मानला जातो आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ डेसिबलला ४ तास, ९४ ला एक तास आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. ड्रमसह बंद खोलीत चाललेला सराव शंभरीच्या घरात सहज पोहोचतो. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. कानात घालण्याचे साधे बोळे औषधांच्या दुकानात अल्प किमतीत मिळतात. ॲम्पबरोबर तेही खर्चाच्या यादीत असावेत.

कायद्यानेही मर्यादा घातली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ ह्या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवण्यास मनाई आहे; सणासुदीच्या मोजक्या दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. लग्नाच्या मांडवात वाजवणाऱ्या तरुणांनी कार्यक्रम ठरवतानाच हे यजमानांना स्पष्ट सांगावे.

खर्चाचा क्रम

पैसा मर्यादित असेल, तर तो कोणत्या क्रमाने खर्च करावा? आमची सूचना अशी. प्रथम एक चांगली केबल आणि कानांचे बोळे. मग एकट्याने घरी सराव करणाऱ्यासाठी हेडफोनची सोय असलेला लहान ॲम्प. गटासाठी घ्यायचा असेल, तर लहान ॲम्प वगळून थेट लाइन आउट असलेला, ड्रम नसल्यास ४० ते ५० वॅटचा आणि ड्रम असल्यास १०० वॅटचा कॉम्बो, नवा किंवा तपासून घेतलेला जुना. त्यापुढच्या पायरीचे, २०० आणि ५०० वॅटचे ॲम्प ज्यांचा वादन हाच व्यवसाय आहे आणि ज्यांना ध्वनियंत्रणेविना मोकळ्या मैदानात वाजवावे लागते, त्यांच्यासाठी सोडावेत. उरलेला पैसा गायकांसाठी एक बरा मायक्रोफोन घेण्यात खर्चावा.

गटाच्या पैशातून घेतलेला ॲम्प कोणाच्या घरी राहणार, दुरुस्तीचा खर्च कोण करणार आणि बाहेरच्या कार्यक्रमाला तो कोणाच्या परवानगीने जाणार, हे खरेदीच्या दिवशीच वहीत लिहून ठेवावे. पावती आणि हमीपत्र त्याच वहीत चिकटवावे. वाद्यामुळे जुळलेली मने वाद्याच्याच मालकीवरून दुरावू नयेत, म्हणून एवढी काळजी घेणे इष्ट.